यंदा अधिक महिना आहे

लोक काय काय लपवतात. मी माझ्या आईपासून एक अख्खा महिना लपवला. श्रावण. बाहेर श्रावण लागून आठ दिवस झाले होते, देवळांतून गर्दी होती, आणि आमच्या सातव्या मजल्यावर मी तिला सांगत होते, "माय, अजून वेळ आहे. यंदा अधिक महिना आहे."

आधी घरात कोण कोण, ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नाशिकला पाथर्डी फाट्याच्या बाजूला नवीन इमारती झाल्या, त्यात आमचं घर. मी, माझा मुलगा, सून आणि दुसरीत जाणारी नात. मुलगा घरूनच काम करतो, कानाला हेडफोन लावून परदेशातल्या माणसांशी बोलतो. सून हैदराबादची, तिची भाषा तेलुगू. दोघांनी लग्न ठरवलं ते इंग्रजीत, संसार चालतो तो हिंदीत. नात शाळेत इंग्रजी बोलते आणि घरीही इंग्रजीच बोलते. माझ्याशी मराठी बोलते, पण कशी? आधी डोक्यात इंग्रजी जुळवते, मग एकेक शब्द काढून ठेवते, कपाटातून घड्या काढाव्यात तशी.

आणि ह्या घरात गेल्या फाल्गुनात माझी आई आली. वय सत्त्याऐंशी. सटाण्याकडचं आमचं गाव. तिथं ती एकटी राहायची, भाऊ गेल्यापासून. अंगणात पाय घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. पुण्याच्या भाच्यानं फोन केला, "आत्या, आमच्याकडे दोघंही कामाला, तू चार दिवस ने." आणली. चार दिवसांचे पाच महिने झाले.

आईला अहिराणीशिवाय काही बोलता येत नाही. आता कुणी म्हणेल, मराठी माणसाला अहिराणी कळत नाही का? कळते हो, लक्ष दिलं तर बरीच कळते. पण आईला दात नाहीत, ऐकू कमी येतं, आणि बोलायला लागली की गाडी घाटातून सुटते. समजून घ्यायला तिच्यापुढे दोन मिनिटं बसावं लागतं. ती दोन मिनिटं आमच्या घरात कुणाकडे नव्हती. त्यापेक्षा सोपं म्हणजे मला हाक मारायची.

"आई, आजी काय म्हणतेय गं?" हे मुलाच्या खोलीतून.

"मम्मीजी, नानी को कुछ चाहिए क्या?" हे स्वयंपाकघरातून.

"आजी, व्हॉट डिड पणजी से?" हे तर दिवसातून वीस वेळा.

मी पोळी लाटता लाटता, आंघोळीच्या दाराआडून, देवापुढं फुलं वाहताना, सगळीकडून उत्तरं द्यायची. आई बोलली की मी मराठीत मुलाला सांगायचं, मुलानं नातीला इंग्रजीत सांगायचं, नातीनं काही विचारलं की तीच वरात उलटी फिरायची. भाजी आणायला खाली गेले तरी फोन वाजायचा. मंदिरात जायचं सोडलं. नाशिकरोडला माझी एक जुनी शेजारीण आजारी होती, तिला बघायला जायचं म्हणत म्हणत राहूनच गेलं. घरातली एवढी माणसं, आणि सगळ्यांच्या मधला दरवाजा मी. दरवाजाला कुठं जाता येतं?

एक कबूल करते, माझी स्वतःची अहिराणीही तोवर गंजली होती. लग्न होऊन मी आले सिन्नरकडच्या घरात. पहिल्याच आठवड्यात सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "सून आणलीय का शेळी? दिवसभर नुसतं शे-शे चाललंय." सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. आत जाऊन मात्र ठरवलं, आजपासून शे बंद. मालक एकलहऱ्याला वीजकेंद्रात कामाला, आम्ही तिथल्या वसाहतीत राहायला गेलो. मी शिकलेली चौथीपर्यंत. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर शिकले. पुडी सोडली की साखर डब्यात आणि कागद माझ्या हातात. मुलगा झाला तेव्हा त्याच्याशी एक शब्द अहिराणी बोलले नाही. त्याला कुणी हसू नये म्हणून. तो मराठी शाळेत गेला, हुशार निघाला. मग त्यानं आपल्या मुलीशी मराठी कमी केली, तिला कुणी हसू नये म्हणून. मी त्याला काय बोलणार? रस्ता तर मीच दाखवलेला.

तर आई. पहिले काही दिवस मी खरंखरं सांगायचे. मग एकदा ती सुनेच्या भाताला म्हणाली की हे तर कोंबड्यांपुढं टाकतात. सून उत्सुकतेनं बघत होती. मी म्हटलं, "कहती है, चावल बहुत नरम है, दाँत नहीं है ना, अच्छा लगा." सून खूश झाली. तिनं आणखी एक डाव वाढला. आईनं माझ्याकडे असं बघितलं की मला हसू आवरेना. तिथून लागली सवय. थोडं इकडचं गाळायचं, थोडं तिकडचं मऊ करायचं. घर शांत राहायचं.

पण आईचं एक वाक्य मऊ करता येत नव्हतं. रोज सकाळी चहाचा कप खाली ठेवला की ती म्हणायची, "माले घर लई चाल." मला घरी ने.

मुलगा विचारायचा, "काय म्हणते?"

मी सांगायचे, "काही नाही. चहा झाला म्हणते."

घरी कशाला जायचं, तर कानबाईसाठी. आमच्या खानदेशाकडे आणि बागलाणात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. पिढ्यान्‌पिढ्यांचा नारळ असतो, त्यालाच नथ, डोळे, दागिने घालून देवी करतात. गव्हाचे रोट करतात, ते फक्त आपल्या भाऊबंदांनी खायचे, परक्या कुळाला द्यायचे नाहीत. आणि बायका गाणी म्हणतात. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. आमच्या भाऊबंदांत ओळ टाकणारी माझी आई. साठेक वर्षं तीच. तिच्याआधी तिची सासू.

म्हणाल, मग नाशिकच्या घरीच मांडायची कानबाई. नाही मांडता येत. मी लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेलेली. माहेरचे रोट आमच्याकडे लेकीला चालत नाहीत, आणि जावयाच्या घरात माहेरची देवी बसत नाही. आईच्या दृष्टीनं हे सातव्या मजल्यावरचं घर तिच्या कानबाईसाठी परकंच.

आणि गावी तरी काय होतं? हेच मी तिच्यापासून लपवत होते. मागच्या वर्षी श्रावणात आई तापानं अंथरुणाला खिळलेली. तेव्हा भाच्यांनी ठरवलं, आता गावात कुणी उरलं नाही, सगळे पुण्यात, एक तर कॅनडात. कानबाई पुण्यालाच बसवायची. नारळ कापडात गुंडाळून नेला. आईला सांगितलं, तू बरी नाहीस म्हणून यंदा थोडक्यात केलं. तिथला व्हिडिओ मला आला होता. छान सजवलेली देवी, मागं दिव्यांच्या माळा, कॅनडातला भाचा मोबाईलमधून हात जोडतोय. गाणी स्पीकरवर. बायका टाळ्या वाजवत होत्या, तोंड एकीचंही हलत नव्हतं. मी तो व्हिडिओ आईला दाखवला नाही.

मग आषाढ सरत आला तसं तिचं सुरू झालं. "श्रावण लागना का वं?" लागला का श्रावण? तिला वाचता येत नाही. गावाकडे दिवस तिला विचारावे लागत नसत, आपोआप कळायचे. इथं काचेच्या आत पंखा आणि काचेच्या बाहेर समोरची इमारत. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं आणि म्हणाली, वाच.

मी वाचलं. म्हणजे वाचल्यासारखं केलं. "यंदा अधिक महिना आहे माय. श्रावण महिनाभर लांब आहे."

"अधिक ते आतेच व्हयी गया ना?" तिला पटेना. अधिक तर आत्ताच, मागच्या वर्षी होऊन गेला, लगेच परत कसा येईल?

"छापलंय गं इथं."

छापलंय म्हटल्यावर तिनं कॅलेंडरकडचं बोट खाली घेतलं. वाचता न येणारं माणूस वाचणाऱ्यावर किती विश्वास टाकतं, ते त्या क्षणी कळलं. आणि तरी मी शब्द मागं घेतला नाही.

खोट्या महिन्यालाही सगळं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच दिवशी आई म्हणाली, अधिक आहे तर जावयाला अनारशांचं वाण द्यायला हवं. माझे मालक जाऊन सहा वर्षं झाली. ती म्हणाली, "तेना आंडोरले दे." त्याच्या मुलाला दे. झालं! तीन दिवस तांदूळ भिजत घातले, रोज पाणी बदललं, कुटले, गूळ घातला. नसलेल्या महिन्याचे अनारसे तळले मी. मुलानं ताटातले चार एकदम संपवले आणि म्हणाला, "आई, हे मध्येच कसं काय?" मी म्हटलं, "आजीची हौस."

नागपंचमीला तर हद्द केली. त्या दिवशी आमच्याकडे विळीला हात लावत नाहीत, तवा चुलीवर ठेवत नाहीत. मी आईच्या समोर विळी घेऊन बसले आणि दुधी चिरला. तव्यावर पोळ्या टाकल्या. जन्मात कधी केलं नव्हतं. प्रत्येक फोडीला मनात हात जोडत होते. आई खुर्चीतून बघत होती, तिला काही खटकलं नाही. एवढंच हवं होतं मला. रविवार निघून गेला की सांगेन म्हटलं, काहीतरी सांगेन. टीव्हीचा रिचार्ज मी मुद्दाम करू दिला नव्हता. मुलाला वाटलं, आईला टीव्हीचा कंटाळा आला.

शुक्रवारी संध्याकाळी मुलगा कामात, सून बाहेर. मी दळणाला गेले होते. नातीला वाटलं, पणजीला फिरवून आणावं. वॉकर, लिफ्ट, आणि दोघी खाली. एरवी आईला मी कधी एकटीला खाली सोडत नसे. गेटपाशी वॉचमन फोनवर बोलत होता. पन्नाशीचा माणूस, आमच्याशी नेहमी हिंदीत बोलायचा, "मॅडम पार्सल आया है" एवढंच. त्या दिवशी तो घरच्यांशी बोलत होता, "शनवारले येस मी. रोटना गहू दळी ठेवा."

शनिवारी येतो, रोटाचे गहू दळून ठेवा. आपली भाषा कानी पडताच आई तिथंच थांबली, हे मला नंतर त्यानंच सांगितलं.

मी गिरणीतून आले तेव्हा आई त्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती, तो उकिडवा बसून तिच्याशी बोलत होता, आणि नात दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती. आई हसत होती. पाच महिन्यांत तिला असं बडबडताना मी ऐकलं नव्हतं, आणि तिचा एकही शब्द कुणी मला विचारला नव्हता. हेवा वाटला हो मला, खोटं कशाला बोलू. मग वॉचमन मला म्हणाला, आता मराठीत, "मावशी, तुम्ही आमच्याकडच्या? कधी बोलला नाहीत! म्हातारी म्हणते यंदा अधिक आहे. मी म्हटलं, नाय वो आजी, परवा कानबाई."

आईनं माझ्याकडे बघितलं. पिठाचा डबा माझ्या कडेवर. लिफ्टमध्ये ती दाराकडे तोंड करून उभी राहिली. वर आल्यावर खुर्चीत बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "तू मनासंगे लबाड बोलनी." तू माझ्याशी खोटं बोललीस. ओरडली नाही.

नात आत पळत गेली आणि बापाला घेऊन आली. तो हेडफोन गळ्यात अडकवून उभा. "काय झालं? आजी काय म्हणतेय?"

मला गाळता येईना. मऊ करता येईना. मी सगळं सांगितलं, पुणं, नारळ, महिना, विळीसकट.

त्यानं गळ्यातला हेडफोन काढून ठेवला. मग म्हणाला, "आई, मला सांगायचंस ना. गावाला जायला तीन तासांचाच रस्ता आहे. मी रविवारी झोपूनच असतो की गं."

मी धरून चालले होते की त्याला वेळ नाही. त्याला मी विचारलंच नव्हतं. त्याच्या वतीनं उत्तर मीच देऊन टाकलं होतं. सून सगळं ऐकत दारात उभी होती. ती गॅलरीत गेली आणि तिनं हैदराबादला आईला फोन लावला. एरवी ती तेलुगू बोलते ते दार ओढून, हळू आवाजात, आम्हाला त्रास नको म्हणून. त्या दिवशी दार उघडंच राहिलं.

रविवारी निघालो. देवळा गावापर्यंत आई खिडकीतून बघत एकेक गाव सांगत होती. गावात शिरलो तर आमच्या गल्लीत मोठ्या स्पीकरवर कानबाईची गाणी चालू होती. अहिराणीच, बरं का. ठेका सिनेमातला, दणदणीत. पोरी नाचत होत्या, छान दिसत होत्या. मला बरं वाटलं आणि आईकडे बघितलं. तिनं कानावर हात ठेवला होता.

आमच्या घराला कुलूप. किल्ली पुण्यात. एवढ्या धावपळीत किल्लीचं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मुलगा शेजारी विचारायला गेला, सून आणि नात गाडीतून पाणी काढत होत्या. आईला मी ओट्यावर टेकवलं. ती बंद दाराकडे बघून म्हणाली, आत नाही ना ती? कानबाई. मी म्हटलं, नाही माय, पुण्याला आहे. ह्या वेळी अहिराणीत सांगितलं. खोटं मराठीतून निघालं होतं, खऱ्याला तिची भाषा लागली.

स्पीकर जरा थांबला होता. आईनं डोळे मिटले आणि ओळ टाकली. देवी नदी उतरून माहेरी येते, ते गाणं. तिचा आवाज फुटका झालाय, पण चाल पक्की. ओळ टाकून ती थांबली.

ती उचलायची होती मला. लहानपणी ह्याच ओट्यावर, आईच्या मांडीला टेकून, बायकांच्या घोळक्यात मी शेकडो वेळा उचललेली ओळ. तोंड उघडलं. काही आलं नाही. चाल आठवत होती, शब्दच नव्हते. आईनं वाट बघितली. मग माझी ओळही तिनंच म्हटली, आणि पुढची टाकली, आणि पुन्हा थांबली. पुन्हा तीच वाट बघणं. तिसऱ्या ओळीला तिला धाप लागली. तिनं गुडघ्यावर हात टेकला.

"चाल," ती म्हणाली.

"कुठं?"

"तुना घर."

पाच महिने मला घरी ने म्हणणारी बाई, घराच्या दारात बसून, तुझ्या घरी चल म्हणाली. मुलगा परत आला आणि विचारलं, आजी काय म्हणते? मी जसंच्या तसं सांगितलं.

त्या दिवसापासून आईनं घरी ने म्हणायचं सोडलं. चहाचा कप खाली ठेवते आणि गप्प बसते. ती शांतता मला त्या वाक्यापेक्षा जड जाते. वॉचमन गावाहून परत आलाच नाही, त्याच्या ठेकेदारानं त्याला दुसऱ्या इमारतीवर टाकलं. आता गेटवर बिहारचा माणूस आहे. आई एकदा खाली गेली, त्याच्याकडे बघून परत वर आली. म्हणजे पुन्हा मीच. मी भाजी आणायला गेले तरी लवकर येते, कारण माझ्याशिवाय तिच्याशी बोलणारं ह्या अख्ख्या सोसायटीत कुणी नाही. मुलगा हल्ली जेवताना तिच्याजवळ बसतो, निम्मं समजतं त्याला. निम्म्यासाठी माझ्याकडे बघतो.

पण गेल्या आठवड्यात मी गवार निवडत बसले होते. आईनं खुर्चीतून ती ओळ टाकली. थांबली. मी शेवटचा शब्द तेवढा पकडला, तोही चुकीचा. तिनं हात हलवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, मी उठायला लागले तर तिनं माझा पदर धरला. "आखो म्हन." आणखी एकदा म्हण. चौथी शिट्टी झाली. आमटी लागल्याचा वास आला. ती सोडेना.

नात शाळेचं दप्तर पाठीवर घेऊन दारात उभी होती. "आजी, पणजी काय गाते? मीनिंग सांग ना."

जिभेवर सवयीनं मराठी आली होती. मी ती आवरली.

"थांब जरा," मी म्हटलं. "आधी मला येऊ दे. आणि जा, आधी तो गॅस बंद कर."